घोड्यावरून असईचें रणक्षेत्र

लढाईचें मैदान पाहावयास जाणारा गृहस्थ बहुधा मोटारींतून जातो, गांवाच्या नांवाच्या पाटीपाशीं उतरतो, इकडे तिकडे नजर टाकतो आणि उन्हें चढण्यापूर्वीं परत फिरतो. त्याच्या पदरीं एवढेंच पडतें कीं, अमुक सालीं येथें अमुक पक्ष हरला. जमीन त्याच्याशीं कांहीं बोलत नाहीं, कारण जमिनीचा चढउतार मोटारीच्या चाकाला जाणवत नाहीं, आणि नदी पुलावरून ओलांडली म्हणजे मध्यें नदी होती हेंहि ध्यानांत राहत नाहीं. घोड्याचें तसें नाहीं. घोडा चढाला दम खातो, काळ्या मातींत जपून पाय टाकतो, पाण्याच्या कांठाशीं आला कीं थबकतो. ज्या लढाया घोड्यांच्या चालीवर, बैलांच्या खांद्यांवर आणि नद्यांच्या उतारांवर ठरल्या, त्या समजून घ्यावयाच्या तर घोड्याच्या पाठीवर बसूनच त्या मुलखांतून गेलें पाहिजे.

अशी सफर महाराष्ट्रांत आंखावयाची झाली तर असईइतकें सोयीचें क्षेत्र क्वचितच सांपडेल. जालना जिल्ह्यांत हें लहानसें गांव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं येथें मेजर जनरल आर्थर वेलस्ली यानें दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला व १८१५ मध्यें वॉटर्लू येथें त्यानें नेपोलियनला हरविलें. उतारवयांत, तुमची सर्वांत उत्तम लढाई कोणती, असें विचारलें असतां त्यानें वॉटर्लूचें नांव न घेतां असईचें घेतलें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. इंग्लंडांत ज्या गांवाचें नांव पलटणींच्या निशाणांवर चढलें, तें गांव महाराष्ट्रांतील सुशिक्षितांना नकाशावर सहसा दाखवितां येत नाहीं. या लढाईची बहुतेक हकीकत इंग्रज अधिकाऱ्यांच्या पत्रांतून आलेली आहे. त्यामुळें ती वाचणारा नकळत वेलस्लीच्या खोगिरावर जाऊन बसतो व त्याच्याच दुर्बिणींतून पाहूं लागतो. सफर आंखणाऱ्यानें ही गोष्ट आरंभींच ओळखली पाहिजे. वाट एकाच बाजूनें आंखली तर दुसरी बाजू दिसावयाचीच नाहीं.

पहिला प्रश्न ऋतूचा. मराठी फौजांच्या पंचांगांत त्याचें उत्तर ठरलेलें होतें. पावसाळ्यांत लष्कर छावणीला राहावयाचें, घोड्यांना विसांवा व हिरवा चारा मिळावयाचा, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलुखगिरीस निघावयाचें. तोंवर नद्या उतरलेल्या असत, पिकें हातीं आलेलीं असत आणि दाणावैरणीची ददात नसे. वेलस्लीनें हेंच पंचांग हेरलें होतें. नद्या भरलेल्या असतां मराठी घोडदळाची चपळाई निम्मी होते, उलट ज्याच्याजवळ होड्यांची तजवीज आहे त्याला पावसाळा फारसा अडवीत नाहीं, असें त्याचें मत होतें. म्हणून त्यानें दसऱ्याची वाट पाहिली नाहीं. ८ ऑगस्टला त्यानें अहमदनगरची, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरची, पेठ घेतली, १२ तारखेस किल्ला त्याच्या हातीं आला, आणि पावसाळा पुरता सरण्यापूर्वीं असईची लढाई होऊन गेली.

तेव्हां आजच्या सफरीपुढें पेंच असा येतो कीं, तारीख सांभाळावी कीं घोडा सांभाळावा? सप्टेंबरांत या भागांतील काळी चिकण माती खुरांना गोळे धरते, नाल ढिले करते आणि घोड्याचा स्नायु दुखावते. शेतांत कपाशी व मका उभा असल्यामुळें नजर बांधापलीकडे जात नाहीं. शिवाय पावसाळ्याच्या शेवटीं गोमाशांचा सुळसुळाट होतो आणि त्यांच्या चाव्यांतून घोड्यांना सर्रा नांवाचा घातक ताप येतो. घोड्याच्या दृष्टीनें मार्गशीर्ष व पौष हेच महिने उत्तम. पण त्या दिवसांत नदीचें पाणी ओसरलेलें असतें, आणि ज्या उतारावर सारी लढाई फिरली तो पाहून स्वाराला वाटावयाचें कीं, एवढ्याशा ओहळासाठीं इतका विचार कशाला? यावर शहाणपणाचा मार्ग एकच. सफर आंखणाऱ्यानें सप्टेंबरांत एकदां स्वतः पायीं येऊन नदी पाहून जावी, आणि घोडे डिसेंबरांत आणावे. जो नदी भरलेली असतां पाहून गेला नाहीं, त्यानें इतरांना ती दाखवूं नये.

घोड्यांची निवड हा दुसरा प्रश्न. वरातींत मिरविणारा घोडा वाजंत्र्यांना भीत नाहीं म्हणून तो धीट, असा पुष्कळांचा समज असतो; परंतु चार दिवस खडकाळ वाटेनें चालावयाची त्याला संवय नसते. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या बाजारांत देखणीं जनावरें पुष्कळ येतात. पण देखणेपणावर येथें भागत नाहीं. लहान चणीचा, कठीण खुराचा, गांवरान पाणी पिऊन न बिघडणारा देशी घोडा घ्यावा. स्वार व खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक ओझें त्याच्या पाठीवर पडूं नये, हा जुना व पक्का नियम आहे. घोडा साडेतीनशें किलोचा असेल तर हा हिशेब सत्तर किलोंवर संपतो. शहरांतील सुखवस्तु मंडळींनीं तो घरींच करून निघालेलें बरें. दिवसाला पंचवीस ते तीस किलोमीटरांचा पल्ला पुरे. सकाळीं चंदी दिल्यावर तासभर तरी घोडा काढूं नये. खेड्यांतून आतां नालबंद सहज मिळत नाहीं, म्हणून नालांचे जादा जोड व ते ठोकणारा माणूस बरोबर पाहिजे, आणि धनुर्वाताची लस घोड्यांना निघण्यापूर्वींच टोंचलेली असावी. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाट. रणक्षेत्राची सारी जमीन आज शेतकऱ्यांच्या वहिवाटीची आहे. जुन्या गाडीवाटांनीं व पाणंदींनीं जावें, जेथें शेत ओलांडावें लागेल तेथें मालकाला आधीं विचारावें, आणि उभ्या पिकांत घोडा घालूं नये. फौजांनीं तें एकदां केलेलें आहे.

सफरीचा आरंभ बदनापुराहून करावा. तेथें रेल्वेचें स्थानक आहे, ही सोय झाली. परंतु खरें कारण निराळें आहे. २१ सप्टेंबर १८०३ रोजीं वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट येथेंच झाली. दोघांजवळ दोन फौजा होत्या. मध्यें डोंगरांची रांग. तिच्या पूर्वेच्या वाटेनें वेलस्लीनें जावें, पश्चिमेच्या वाटेनें स्टीव्हन्सननें जावें, आणि २४ तारखेस दोघांनीं मिळून मराठ्यांच्या तळावर पडावें असा बेत ठरला. दोन्ही फौजा एका खिंडींतून एका दिवसांत पार होणार नाहींत व एकच वाट धरली तर शत्रु दुसऱ्या वाटेनें निसटेल, हा त्यांतील विचार. कागदावर बेत सुरेख होता. पण मध्यें डोंगर ठेवून एकमेकांपासून दूर गेलेल्या दोन फौजांना वेळेवर एकत्र आणणें किती कठीण, हें बदनापुराहून उत्तरेकडे दोन दिवस घोडा चालविला म्हणजे पटतें. असई तेथून सरळ रेषेंत चाळीस किलोमीटरांच्या थोडी पलीकडे आहे. वाटेनें गेल्यास अंतर अर्थात् वाढतें.

दुसरा मुक्काम नळणी येथें करावा. इंग्रजी कागदांत हिला नॉल्निया म्हटलें आहे. २३ तारखेच्या सकाळीं चौदा मैलांची मजल मारून वेलस्ली दुपारच्या आधीं येथें पोंचला. आज मुक्काम, उद्यां लढाई, असा त्याचा हिशेब. तों बातमी आली कीं, मराठ्यांचा तळ अपेक्षेपेक्षां पुष्कळ जवळ, अवघ्या पांचसहा मैलांवर आहे; घोडदळ निघून गेलें आहे व पायदळहि निघण्याच्या बेतांत आहे. बातमीचा हा शेवटचा भाग खोटा ठरला. वेलस्लीपुढें प्रश्न उभा राहिला. स्टीव्हन्सनची वाट पाहावी तर शिकार हातची जाते. माघार घ्यावी तर मराठी घोडदळ पाठीवर बसतें. त्यानें बाजारबुणगें व सामान नळणीला पहाऱ्यांत ठेवलें, आणि त्याच दुपारीं लढाई द्यावयाचें ठरविलें. त्याच्याजवळ प्रत्यक्ष लढणारे शिस्तीचे लोक सुमारें साडेचार हजार होते. पुढें गेल्यावर त्याला दिसलें तें दृश्य असें. केळणा नदीच्या पलीकडे भोकरदनपासून असईपर्यंत मराठ्यांचा तळ पसरलेला. उजव्या अंगाला तीस हजारांहून अधिक घोडदळ, डाव्या अंगाला कवायती पायदळाचे सुमारें साडेदहा हजार लोक, आणि शंभराच्या आसपास तोफा.

तिसऱ्या दिवसाची सकाळ या एका जागेसाठीं राखून ठेवावी. नळणीकडून येणाऱ्यानें नदी समोर दिसूं लागली कीं घोडा थांबवावा. समोरासमोर नदी ओलांडणें म्हणजे तोफांच्या तोंडीं जाणें. तळाच्या समोरचे उतार सोडून दुसरा उतार नाहीं, असें वाटाड्ये निक्षून सांगत होते. वेलस्ली पूर्वेकडे सरकत गेला. तेथें त्याला दुर्बिणींतून पिंपळगांव व वरूड हीं दोन खेडीं नदीच्या दोन कांठांवर अगदीं समोरासमोर वसलेलीं दिसलीं. त्यानें मनांत म्हटलें, दोन गांवें इतकीं जवळ आणि मध्यें जाण्यायेण्याची वाट नाहीं, हें संभवत नाहीं. माणूस पाठवून पाहिलें तों उतार खरोखरच निघाला.

या तर्काची इंग्रजी ग्रंथांत फार वाखाणणी झाली आहे, आणि ती अयोग्य नाहीं. पण तिकडच्या वाचकाला हा जो प्रतिभेचा चमत्कार वाटतो, तो आपल्याकडील कोणत्याहि बायकामाणसाला रोजच्या व्यवहारांतला वाटेल. माहेर अल्याड व सासर पल्याड असलेल्या गांवांमध्यें उतार असतोच. नवल असलेंच तर उलट बाजूचें आहे. हा उतार मराठ्यांच्या सरदारांना ठाऊक नव्हता असें म्हणवत नाहीं. मग त्यावर एक तोफ व शंभर माणसें तरी कां ठेवलीं गेलीं नाहींत? घोड्यावर बसून त्या उतारांत उतरणाऱ्याला हा प्रश्न छळल्यावांचून राहत नाहीं. दोन्ही कांठ उंच, खालीं दगडगोटे, घोडा खालीं मान घालून वास घेत पाय टाकतो. अशा वेळीं स्वाराला वर पाहावयासहि फुरसत नसते. वेलस्लीची फौज पार होऊं लागली तेव्हां लांबून तोफांचे गोळे येऊं लागले, आणि त्याच्या शेजारच्या एका घोडेस्वाराचें मस्तक गोळ्यानें उडालें. उतारावर आधींच पहारा असता तर काय झालें असतें, हें सांगावयास सेनापति लागत नाहीं.

पलीकडे चढून गेल्यावर जमिनीची खरी कळ हातीं येते. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई. दोन्ही नद्या पूर्वेकडे जात जात एकमेकींना मिळतात. मध्यें उरलेली जमीन जिभेसारखी निमुळती, असईपाशीं जेमतेम मैलभर रुंद. मोठ्या फौजेला तेथें पसरावयास जागा नाहीं, आणि लहान फौजेच्या दोन्ही बाजू नद्या संभाळतात. मात्र हीच जागा पराभव झाल्यास सांपळा आहे. पाठीमागें नदी, दोन्ही अंगांना नद्या. वेलस्लीनें घेतलेला धोका किती मोठा होता, हें मैदानाच्या नकाशांत दिसत नाहीं. जिभेच्या टोंकाशीं घोडा उभा करून चारी बाजूंना पाहिलें म्हणजे दिसतें.

आणि त्याच्या अपेक्षेप्रमाणें गोष्टी घडल्या नाहींत. आपण बाजूवर जाऊन पडूं व पलटणी फिरण्यापूर्वीं त्यांना गुंडाळूं, असा त्याचा अंदाज होता. शिंद्यांच्या कंपूंवर पोलमान हा हानोव्हरचा अधिकारी होता. त्याची ओळ दक्षिणेकडे तोंड करून नदीकांठीं उभी होती. इंग्रज पूर्वेला उतरतांच ती सबंध ओळ, तोफांसह, काटकोनांत वळली आणि उजवें अंग केळणेवर व डावें अंग असईवर टेंकून शत्रूच्या समोर उभी राहिली. महादजी शिंद्यांच्या काळीं डी बॉयनच्या हाताखालीं तयार झालेल्या पायदळाची ही करामत. युद्ध सुरू होतांच शिंद्यांच्या नोकरींतील इंग्रज अधिकारी त्यांना सोडून गेले होते, तरी शिस्त मोडली नव्हती. स्वारांनीं ही वळणाची जागा घोडा चालवून मोजावी. दहा हजार माणसें व त्यांच्या तोफा गोळागोळी चालूं असतां एवढ्या जागेंत वळविणें म्हणजे काय, तें मग कळेल.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल पहिल्या माऱ्यांतच पडले आणि तोफा मागें राहिल्या. डाव्या बाजूला, केळणेच्या कांठानें, ७८ वी हायलँडर पलटण तोफांवर चालून गेली व तिनें त्या घेतल्या. उजव्या बाजूला कर्नल ऑरॉक आपली तुकडी घेऊन नेमलेल्या दिशेपेक्षां फार उजवीकडे, थेट असई गांवाच्या रोखानें गेला आणि ७४ वी पलटण त्याच्या मागोमाग गेली. गांवांतील तोफांनीं तिची चाळण केली. वरून मराठी स्वारांची एक टोळी तुटून पडली. कर्नल मॅक्सवेलनें घोडदळ घालून उरलेसुरले लोक वांचविले. तो स्वतः नंतरच्या एका हल्ल्यांत पडला.

यानंतर जें घडलें त्यासाठीं सफरीची वाट उलट फिरवावी. दुपारची न्याहारी झाल्यावर स्वारांनीं असईच्या बाजूनें, पूर्वेकडे तोंड करून, मराठी तोफांच्या ओळीच्या अंदाजानें दक्षिणेस केळणेपर्यंत जावें. या ओळीवर शिंद्यांचे गोलंदाज उभे होते. इंग्रज पायदळ संगिनी लावून अंगावर आलें तेव्हां त्यांच्यांतील पुष्कळ तोफांपाशींच मारले गेले. कांहीं तोफांखालीं मेल्यासारखे पडून राहिले, आणि शत्रूची ओळ पुढें निघून जातांच उठून त्यांनीं तोफा फिरविल्या व तिच्या पाठीवर मारा सुरू केला. वेलस्लीला ७८ वी पलटण व देशी घोडदळाची एक पलटण घेऊन जिंकलेल्या तोफा दुसऱ्यांदां जिंकाव्या लागल्या. याच धुमश्चक्रींत त्याचा डायोमेड नांवाचा अरबी घोडा भाल्यानें भोसकला गेला. त्यापूर्वीं एक घोडा त्याच्याखालीं गोळी लागून पडला होता. त्या घोड्याचें नांव इतिहासांत राहिलें आहे. गोलंदाजांपैकीं एकाचेंहि राहिलेलें नाहीं.

या गोलंदाजांचे धनी मात्र मैदानांत राहिले नव्हते. दौलतराव शिंदे त्या वेळीं चोविशींच्या आसपास होते. वेलस्लीबरोबर दुभाष्याच्या कामावर आलेला व पुढें मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा त्यांच्याच वयाचा. एल्फिन्स्टन घोड्यावर बसून सेनापतीच्या मागोमाग सबंध लढाईभर हिंडला. शिंदे व भोसले लढाई ऐन भरांत येण्यापूर्वींच निघून गेले. आणि त्यांचें तें अफाट घोडदळ? त्याचा मुख्य जमाव भोकरदनच्या बाजूला उभा होता. त्याच्यावर नजर ठेवण्यास वेलस्लीनें केळणेच्या दक्षिण कांठीं म्हैसूरचे व पेशव्यांचे स्वार ठेवले होते. पेशव्यांच्या स्वारांवर बापू गोखले होते. १८१८ मध्यें अष्टीच्या रणांत इंग्रजांशीं लढतां लढतां देह ठेवणारे तेच बापू गोखले असईला इंग्रजांच्या बाजूस उभे होते. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानें दुसऱ्या बाजीरावानें मराठी दौलतीची काय अवस्था करून ठेवली होती, हें समजावयास याहून वेगळा पुरावा नको.

म्हणून सफरीचा शेवटचा व सर्वांत महत्त्वाचा टप्पा भोकरदन ते असई हा असावा. आणि तो घड्याळ हातांत धरून करावा. अंतर सुमारें बारा किलोमीटर. दुडक्या चालीनें सामान्य घोडा तें तासाभरांत कापतो. भरधाव जाणाऱ्या फौजेला याहून कमी वेळ पुरावा. लढाई दुपारीं सुरू होऊन सुमारें सहा वाजेपर्यंत चालली. म्हणजे पोलमानची ओळ वळली तेव्हां, गोलंदाजांनीं तोफा फिरविल्या तेव्हां, किंवा अखेरीस कंपूंनीं जुईला पाठ लावून पुन्हा फळी धरली तेव्हां, या तिन्ही वेळीं हें घोडदळ येऊन पोंचूं शकलें असतें. वेलस्लीचे साडेचार हजार लोक त्या वेळीं थकलेले, निम्मे विस्कटलेले, तीन बाजूंनीं पाण्यानें वेढलेले होते. दक्षिण कांठावरचे पांचएक हजार स्वार तीस हजारांना अडवून धरते असें म्हणणें कठीण आहे. कंपूंचें पायदळ व जुन्या धर्तीचे शिलेदार यांच्यांत एकजीव झालेला नव्हता, हुकूम देणारा एक माणूस मैदानांत नव्हता, आणि पोलमानचा शब्द शिलेदारांनीं मानावा असें कांहीं कारणहि नव्हतें. असईचा पराभव जमिनीनें केला नाहीं व तोफांनींहि केला नाहीं. ह्या बारा किलोमीटरांनीं केला, असें घोड्यावरून उतरणाऱ्याला वाटलें तर तें चूक म्हणतां येणार नाहीं.

विजयाची किंमतहि लहान नव्हती. वेलस्लीचे ४२८ लोक ठार झाले, ११३८ जखमी झाले व १८ बेपत्ता. म्हणजे दर तिघांमागें एक गारद झाला. त्यानें ९८ तोफा घेतल्या. पण त्या रात्रीं फौज मैदानांतच पडून राहिली आणि पाठलाग झाला नाहीं. एवढी हानि कां झाली, असा जाब थॉमस मन्रोनें मित्राच्या नात्यानें पत्रांतून विचारला आणि वेलस्लीला सविस्तर उत्तर लिहावें लागलें. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं येऊन पोंचला. जखमींना पुढें अजिंठ्यास हलवून तेथें इस्पितळ थाटण्यांत आलें. तेथून जवळच असलेल्या लेण्यांची वार्ता युरोपांत पसरावयास त्या वेळीं अवकाश होता. ती १८१९ नंतर पसरली.

ज्यांच्या घोड्यांत व अंगांत त्राण उरलें असेल, त्यांनीं असईहून वायव्येस अजिंठ्यापर्यंतचा सुमारें चाळीस किलोमीटरांचा पल्ला दोन मुक्कामांत करावा. मधला मुक्काम पाण्याची खात्री करूनच ठरवावा, आणि अजिंठ्याहून घोडे मालमोटारींत चढवून परत पाठवावे. घाट उतरावयाचा झाल्यास स्वारांनीं खालीं उतरून लगाम हातांत धरून चालावें.